करवतीचे दात

नवी प्रश्नपत्रिका हातात आली की जगदाळे बाई आधी चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि वर्गाला म्हणायच्या, "बघू या, आज कोण कोण आलंय." जणू प्रश्नपत्रिका म्हणजे कुणाकडचं हळदीकुंकू. मग वाचायला सुरुवात. "रमेश जड पेटी फळीवरून चढवतो. चढव बाबा. सुरेश धावत्या बसमधून चेंडू वर फेकतो. का फेकतो कुणास ठाऊक, पण फेकतो. महेशचे वडील विद्युतघट जोडतात. आणि ही बघा आली. सीमाची आई चहा उकळते." इथे बाई थांबायच्या. "चहा उकळून झाल्यावर सीमाची आई काय करते? काही नाही. पुढच्या प्रश्नात परत रमेश." आम्ही हसायचो. बाई हसायच्या नाहीत.

हे नव्वदीतलं. गल्लीगल्लीत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, सातारा रस्त्यावरच्या कारखान्यांतून माणसं लवकर घरी पाठवली जात होती आणि ज्याच्या त्याच्या घरात एकच वाक्य ऐकू यायचं, पोराला कॉम्प्युटरला घाला. पोराला. माझे वडील भंडाऱ्याकडून येऊन अशाच एका कारखान्यात चिकटले होते. बिबवेवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. शाळेचं नाव लिहीत नाही. तिच्याशी माझा अजून व्यवहार आहे.

बाई भोरकडच्या. बुटक्या, सावळ्या, खांद्यावर दोन पिना लावून घट्ट बसवलेली सुती साडी, पायात पुरुषी पट्ट्याच्या चपला. मोपेडवरून यायच्या आणि ती बंद पडली तर रस्त्याच्या कडेला बसून स्वतः प्लग साफ करायच्या. एरवी बोलणं शुद्ध पुणेरी, मोजकं आणि कोरडं. राग आला की मात्र पुणं गळून पडायचं आणि भोर वर यायचं. "काय हाय ते सांग सरळ," असं बाई म्हणाल्या की समोरच्याने सांगून टाकलेलं बरं असायचं. वर्गात त्या आम्हाला आडनावानेच हाक मारायच्या, मुलगा असो की मुलगी. मी मेश्राम. घरी मला पोट्टी म्हणायचे, गल्लीत मेश्रामांची धाकटी. सरळ मेश्राम म्हणणारं पहिलं माणूस बाई.

आमच्या शाळेत शुक्रवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे असायचे. मुलं मागच्या पत्र्याच्या कार्यशाळेत जायची. तिथे लोखंड कापायचं, घासायचं, भोकं पाडायची, फ्यूज बांधायचा. मुली वर्गातच बसायच्या आणि रुमालावर साखळी टाका घालायच्या. मुलींना मनाई आहे अशी पाटी कार्यशाळेवर नव्हती. पाटीची गरजच नव्हती. मी एकदा खिडकीतून डोकावले तर आतल्या सरांनी "काय गं, भाऊ आहे का इथे तुझा?" असं विचारलं होतं.

नववीची दुसरी चाचणी आली. विज्ञानाचा पेपर पर्यवेक्षक पानसे सरांनी काढला. पानसे सर वाईट माणूस नव्हते हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हे इस्त्रीच्या शर्टातले, हळू आवाजातले, कुणाला छडी न मारणारे सर. त्यांना वाटलं, विज्ञान पुस्तकातून उचलून हातात आणावं. म्हणून त्यांनी पेपरातला मोठा प्रश्न कार्यशाळेवर काढला. लोखंड कापायच्या करवतीचं पातं बसवताना त्याचे दात कोणत्या दिशेला ठेवाल, आणि का? दांडा लांब असलेला पाना सोपा का पडतो? फ्यूजची तार जाड घातली तर काय होईल?

फ्यूज आणि पाना मी जमवलं. करवत मात्र मी आयुष्यात हातात धरली नव्हती. मी डोळे मिटून आठवलं की दात असलेलं काय काय मी वापरलंय. विळा. गावी आजीबरोबर मी धान कापलं होतं. विळा आपण आपल्याकडे ओढतो आणि त्याचे दातही आपल्याकडे वळलेले असतात. म्हणून मी लिहिलं, दात आपल्या बाजूला ठेवावेत, कारण ज्या दिशेला जोर लावतो त्या दिशेला दात असले तरच ते कापतात. पेपर सरांनीच तपासले. माझ्या उत्तरावर तांबडी फुली आणि खाली शेरा, "इथे शेती नको." त्या प्रश्नात वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुली आपटल्या. मुलांनी ढिगाने गुण घेतले. त्यांच्या तळहाताला करवतीचे घट्टे होते, त्यांना विचार करायची गरजच पडली नाही.

आता यात एवढं काय, असं वाटत असेल तर ऐका. त्या वर्षीच्या दोन चाचण्यांच्या गुणांवर दहावीची अ तुकडी ठरायची. अ तुकडीला प्रयोगशाळा, जादा तास, बाई स्वतः. ब तुकडीला ज्याचा तास मोकळा असेल तो. मला अ हवी होती. मला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला जायचं होतं आणि त्याला दहावीच्या विज्ञानाचे गुण लागायचे. आमच्या घरात मला शिकवायचं ते इतकंच परवडणार होतं. त्यात बसलं तर बसलं.

पेपर वाटले त्या दिवशी बाईंनी वर्गात उभं राहून मुलींचे पेपर एकामागून एक चाळले. मग माझा पेपर बाजूला काढला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मेश्राम, चल."

शिक्षकखोलीत पानसे सर चहा घेत होते. बाईंनी माझा पेपर त्यांच्या बशीशेजारी ठेवला. "सर, या उत्तरात चूक काय?"

"दात पुढे असतात, बाई. हिने उलटे लिहिलेत."

"का लिहिलेत ते वाचलंत?"

"विळा वगैरे काहीतरी आहे. प्रश्न करवतीचा आहे."

"विळा ओढून कापतो, म्हणून दात ओढायच्या बाजूला. बरोबर?"

"हो, ते बरोबर."

"म्हणजे जिकडे जोर तिकडे दात. नियम हिला कळलाय. करवत ढकलून कापतात हे हिला ठाऊक नाही, कारण तुम्ही हिच्या हातात करवत दिलीच नाहीत. रुमाल दिलात. मग रुमालावर विचारा की."

सर हसले. "अहो बाई, या मुलींना काय कारखान्यात जायचंय?"

"ते त्या ठरवतील. हिने काही तुम्हाला स्थळ विचारलेलं नाही. प्रश्न रद्द करा, नाहीतर सगळ्या मुलींचा हा प्रश्न परत तपासा."

"असं केलं तर परीक्षेला काय अर्थ राहील?"

"आत्ता काय अर्थ हाय ते सांगा आधी."

सर म्हणाले, बघतो. ते काय बघणार होते ते मला त्याच वेळी दिसलं होतं. बाहेर पडल्यावर मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "उत्तर चुकलं म्हणून रडायचं नाही. आधी प्रश्न कुणी काढला, कुठे बसून काढला, ते विचारायचं. मग वाटलं तर रड." घरी सांगितलं तर आई म्हणाली, "कायले भांडून राहिली वं मास्तरांशी? पोरीची जात." मी त्या दिवशी जेवले नाही.

तिसऱ्या चाचणीचा पेपर काढायची पाळी बाईंची होती. पहिल्या दोनांतली जी बरी असेल ती आणि तिसरी, असे गुण धरायचं शाळेने मधेच ठरवलं होतं, त्यामुळे मला अजून आशा होती. बाईंनी पेपर काढला. एक शब्द अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हता. दाब, आघूर्ण, उष्णता, घर्षण, सगळं पुस्तकातलं. फक्त माणसं आणि जागा बाईंच्या होत्या. जात्याचा खुंटा मध्याजवळ न बसवता कडेला का बसवतात? कुकरच्या झाकणाची रबरी रिंग सैल झाली तर डाळ शिजायला वेळ का लागतो? हातशिलाईच्या सुईचं भोक मागच्या टोकाला आणि शिवणयंत्राच्या सुईचं पुढच्या टोकाला का? पोळी फुगते ती कशामुळे, आणि भोक पडलेली पोळी का फुगत नाही?

मी तो पेपर लिहिताना हसत होते. आयुष्यात परीक्षा लिहिताना हसलेली तेवढीच एकदा. बाजूच्या बाकावरचा मुलगा पेन चावत बसला होता. नंतर बाईंनी काही उत्तरं वर्गात वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं की खुंटा मध्ये बसवला तर पिठात पडेल. दुसऱ्याने लिहिलं होतं की पोळी आईच्या सवयीने फुगते. बाई म्हणाल्या, "हे उत्तर मी जपून ठेवणार आहे. यात विज्ञान नाही, पण आपला सगळा समाज आहे."

मुली पहिल्यांदाच वर होत्या. मी सगळ्यांत वर होते.

दुसऱ्या दिवशी पालक आले. पालक म्हणजे आईवडील असं म्हणायची पद्धत आहे, पण आले फक्त वडील. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आम्ही व्हरांड्यात प्रार्थनेच्या रांगेत उभ्या होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"हा विज्ञानाचा पेपर आहे की रुचकर पदार्थांचं सदर?"

"कुकरमधल्या वाफेला दाब नसतो का साहेब?" हा बाईंचा आवाज. "की स्वयंपाकघरात शिरताना भौतिकशास्त्र चपलांसारखं दाराबाहेर ठेवायचं असतं?"

"आमच्या मुलाने कधी जातं बघितलेलं नाही हो!"

"खरंय. तुमच्या मुलावर अन्याय झाला. न दाखवलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारणं हा अन्यायच. मी तुमच्याच बाजूने आहे. मागच्या चाचणीत हाच अन्याय पंचवीस-तीस मुलींवर झाला, तेव्हा आपण आला नव्हता. आता दोन्ही प्रश्न एकदमच रद्द करू या."

मला वाटलं, जिंकलो. इतका चोख सौदा मी पुढेही क्वचित पाहिला.

मधल्या सुट्टीत सूचना आली. विज्ञानाची तिसरी चाचणी रद्द. संपूर्ण. फेरचाचणी सोमवारी, पेपर पानसे सरांचा. दुसऱ्या चाचणीबद्दल अवाक्षर नाही.

हे परत वाचा. मुलांना अडचण आली तर पेपर एका दिवसात रद्द होतो. मुलींना अडचण आली तर बघतो. आणि रद्द करताना मुलींनी कमावलेले गुणही त्यातच गेले. इतकी वर्षं मी बाजारात आहे, लोकांनी मला वजनात, मालात, शब्दात फसवलंय, पण इतक्या सभ्य आवाजात, तसबिरीला हार घालावा तशा शांतपणे, मला कुणी लुटलं नाही. फेरचाचणीत मी साधारण गुण घेतले. मी ब तुकडीत गेले. दहावीच्या विज्ञानाला आम्हाला खेळाचे सर होते, ते पाठ वाचून घ्यायचे आणि बाहेर बघायचे. पदविकेची यादी लागली तेव्हा माझं नाव थोडक्यात खाली राहिलं. पेन चावणारा तो बाजूचा मुलगा आत गेला. तो पुढे सॉफ्टवेअरला लागला, परदेशी जाऊन आला. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला माझी जागा दिली आणि वर गुणवत्ता म्हटलं, त्यांच्यावर आहे, आणि तो विझावा असं मला वाटतही नाही.

बाईंना पेपर काढण्यातून काढलं. स्नेहसंमेलनाच्या रांगोळी समितीचं प्रमुखपद दिलं. बाई म्हणे शिक्षकांच्या बैठकीत म्हणाल्या, "रांगोळीत भूमिती असते. काळजी करू नका, तीही शिकवीन."

मी एका बॅटरीच्या दुकानात आलेले फोन घ्यायच्या कामाला लागले. फोन घेता घेता माल ओळखायला शिकले, मग दुरुस्ती, मग दुकानाला रामराम करून स्वतःचा धंदा. शहरात कचेऱ्या वाढत होत्या, वीज जात होती, संगणक बंद पडून चालणार नव्हतं. मी त्यांना बॅटऱ्या आणि यूपीएस द्यायला लागले. मोठ्या कंपन्यांच्या निविदांमध्ये अटी असायच्या, अमुक इतक्या वर्षांचा अनुभव, तमुक पदवी. पहिल्यांदा मी घाबरले. मग बाई आठवल्या. अटी कुणी लिहिल्या, कुठे बसून लिहिल्या, ते मी शोधून काढायची आणि समोर जाऊन विचारायची. बरेच जण चिडायचे. काही जण अट काढायचे.

बाई निवृत्त होऊन कर्वेनगरला राहायला गेल्या. एकट्याच. मी महिन्यातून कधीतरी त्यांना गाडीतून मंडईत न्यायची. तिथे आमचं ठरलेलं भांडण. मी भावासाठी घासाघीस करायची, बाई करायच्या नाहीत. त्या फक्त तराजूची पारडी रिकामी असताना निरखून बघायच्या. "भाव काय, ती तिचं पोट बघून सांगते. पारडं सरळ हाय का ते बघावं माणसानं," असं म्हणून पिशवी पुढे करायच्या. मी म्हणायची, बाई, तुम्हाला धंदा जमला नसता. त्या म्हणायच्या, "मेश्राम, तुला शिक्षकी जमली नसती. तू पोरांना गुण देताना पण घासाघीस केली असतीस."

मग शाळेला पन्नास वर्षं झाली. पानसे सर आता मुख्याध्यापक होते. त्यांचा फोन आला, आवाज तसाच हळू. "ताई, आपण शाळेची लेक. संगणककक्ष काढलाय, पण वीज जाते. यूपीएसचं आपल्याकडून काही झालं तर." मी म्हटलं, होईल. माझी एक अट आहे. समारंभात बाईंना व्यासपीठावर बोलवा आणि सांगा की नववीतला तो प्रश्न चुकीचा होता.

मला वाटलं, अडतील. मी भांडणाची तयारी करूनच फोन धरला होता. सर म्हणाले, "अहो, सांगू की. त्यात काय एवढं?"

मी धावत कर्वेनगरला गेले. बाईंना तेव्हा हृदयाचा त्रास सुरू झाला होता, खुर्चीत उशी लावून बसल्या होत्या. मी ऐकवलं. बाईंचा चेहरा तांबडा झाला.

"त्यात काय एवढं, असं म्हणाला?"

"हो."

"मग त्या दिवशी का नाही म्हणाला? तेव्हा म्हणायची किंमत मोजावी लागली असती. एक पोरगी अ तुकडीत घ्यावी लागली असती. आता काही मोजावं लागत नाही, वर बॅटऱ्या फुकट. आणि तू हा सौदा केलास? धंदेवाली म्हणवतेस?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसले.

"माझं जुनं मिटवू नकोस. ते येणं थकलेलंच राहू दे. संगणककक्षात जाऊन बघ, काय हाय तिथं."

मी गेले. कक्ष त्याच पत्र्याच्या कार्यशाळेच्या जागी होता, आता पक्का बांधलेला, रंग दिलेला. यंत्रं कमी, पोरं जास्त, म्हणून जोड्या लावलेल्या. एक मुलगा, एक मुलगी. प्रत्येक यंत्रासमोरच्या खुर्चीवर मुलगा. त्याच्यामागे मुलगी उभी, हातात वही. मी एकीला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "मी स्टेप्स लिहून घेते. माझं अक्षर चांगलंय ना." शिकवणारी बाईच होती, तरुण. तिने मला अभिमानाने सांगितलं की मुलींच्या वह्या फार नीटनेटक्या असतात.

मी तिथूनच पानसे सरांच्या खोलीत शिरले. "सर, जुनी अट काढली. नवी अट. आठवड्यातले अर्धे तास मुली खुर्चीवर, मुलं मागे वही घेऊन."

जुन्या प्रश्नासाठी व्यासपीठावर उभं राहायला एका वाक्यात तयार झालेला हा माणूस चालू तासाला हात लावू देईना. वेळापत्रक आहे, ताई. पालक काय म्हणतील. मुलांची गोडी जाईल. मुलींना स्वतःलाच आवडतं लिहायला. मी म्हटलं, मग बॅटऱ्या माझ्या गोदामात आहेत. समारंभ झाला, आमच्याशिवाय झाला. वीज जात राहिली, यंत्रं बंद पडत राहिली, ते थांबले, मीही थांबले. बाईंना मी प्रत्येक फेरी सांगायची. "ढील देऊ नकोस," एवढंच म्हणायच्या. शेवटी शेवटी त्यांना बोलताना धाप लागायची, तरी विचारायच्या, "खुर्चीवर कोण?"

मी म्हणायची, अजून तेच.

बाई गेल्या त्या सकाळी वैकुंठ स्मशानभूमीत शाळेचे बरेच जण आले होते. कुणीतरी चार शब्द बोललं. प्रेमळ, मायाळू, आईच्या मायेने शिकवणाऱ्या. मी दात आवळून ऐकत होते. बाई मायाळू नव्हत्या. बाई बरोबर होत्या, आणि ते जड जातं म्हणून लोक माया म्हणतात. लोक पांगायला लागल्यावर पानसे सर माझ्याजवळ आले, हात जोडले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "ताई, बाईंच्या स्मरणार्थ म्हणून तरी आता ते यूपीएसचं."

"आधी तास," मी म्हटलं.

"इथे नको ना ताई हा विषय."

"इथेच. त्या ऐकताहेत तोवर बोला."

आमच्याकडे लोक वळून बघायला लागले. मी आवाज खाली आणला नाही. सरांनी चष्मा काढला, परत घातला. त्यांच्या मागे धूर चढत होता. मग ते म्हणाले, "बरं. परवापासून."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी मी माल गाडीत घालून शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. गाडीवर भोसले होते, माझ्याकडचे जुने चालक. मी एकटीच आत गेले आणि कक्षाच्या खिडकीपाशी थांबले. मुली खुर्च्यांवर होत्या. अवघडलेल्या, पाठी ताठ, बोटं यंत्राच्या वर अधांतरी. मागे मुलं वह्या घेऊन उभी, तोंडं वाकडी करून. एक जण पुढे वाकून मुलीच्या हातावरून कळ दाबायला बघत होता. तिने कोपराने त्याचा हात बाजूला सारला.

भोसले मागून आले. "ताई, बसल्यात की पोरी. माल उतरवू?"

"थांबा," मी म्हटलं. "तास संपेपर्यंत बसतात का बघू."